पंधरा सेकंदांचे भाडेकरू

ज्या वस्तूवर कुणाचीच मालकी नसते, तिच्यावरून होणारं भांडण सगळ्यांत चिवट असतं, असं माझं मत हूरात राहून झालं आहे. वस्तू स्वतःची असली की कागद दाखवता येतो, कोर्टात जाता येतं, निदान वडिलांचं नाव तरी घेता येतं. मालकीच नसेल तर हातात फक्त मुद्दा उरतो, आणि मुद्द्याला सात-बारा नसल्यामुळे तो कधी निकालात निघत नाही.

हूरा हा बहरीनच्या राजधानीचा, मनामाचा, ईशान्येकडचा तुकडा. मधून एक्झिबिशन रोड जातो, समुद्राच्या अंगाला अल फतेह हायवे, जुन्या हस्तलिखित कुराणांचा संग्रह असलेलं बैत अल कुराण इथलंच, आणि गल्ल्या ओलांडत गेलं की गुदैबिया लागतं. आमच्या इमारतीत ‘मी मूळचा हूराचा’ असं म्हणणारा माणूस नाही. मलबारी आहेत, फिलिपिनो आहेत, आंध्रातले आहेत, मराठीही आहेत. सगळ्यांच्या खिशात सीपीआर, म्हणजे इथलं ओळखपत्र, आणि प्रत्येकाच्या डोक्यात परतीचं एक वर्ष, जे दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकतं. किराणा दुकानाला इथे कोल्ड स्टोअर म्हणतात. आमच्या कोल्ड स्टोअरच्या दारावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात : बेड स्पेस रिकामी आहे, ईडब्ल्यूए-सकट, शाकाहारी असल्यास उत्तम. ईडब्ल्यूए म्हणजे वीज आणि पाणी. शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये फ्रिजचा कुठला कप्पा कुणाचा आणि सहा दहा ते सहा पंचवीस बाथरूम कुणाचं, हे ठरलेलं असतं. त्यातल्या एकाच्याही नावावर त्या फ्लॅटची एक वीट नसते. पण कप्प्यात दुसऱ्याचं दही दिसलं की ‘माझी जागा’ हे दोन शब्द ज्या ठसक्यात ऐकू येतात, तो ठसका गावाकडच्या जमीनदारालाही साधला नसता.

आमच्या इमारतीत असंच एक शेअरिंग छताच्याही वर चालतं. सगळ्यांत वरच्या मजल्यावर एक काका राहतात. मूळचे सांगलीचे, हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम. परीक्षा दिलेले, रीतसर परवाना घेतलेले. त्यांच्याच मजल्यावर समोर एक तरुण इंजिनियर राहतो, तो कोल्हापूरचा, तोही हॅम. गच्चीवर पाण्याच्या टाक्यांच्या कडेने एक लांब तार ताणलेली आहे. ती कपडे वाळत घालायला नाही, हे वॉचमनला समजावण्यात एक अख्खा रमजान गेला. तार एक आणि हॅम दोन, त्यामुळे दोघांनी वेळा वाटून घेतल्या आहेत. मी तिसरा. माझ्याकडे परवाना नाही, कॉलसाइन नाही. मी फक्त ऐकणारा आणि चहा करणारा. या दोन्ही भूमिकांमुळे माझ्याकडे तटस्थपणा आपोआप आला आहे.

हॅमच्या दुनियेत प्रत्येक देशाला अक्षरं ठरवून दिलेली आहेत. भारताचं कॉलसाइन बहुधा व्हीयूने सुरू होतं, बहरीनचं ए९ ने. १९७१ मध्ये देश स्वतंत्र झाला, त्याआधीच्या जुन्या क्यूएसएल कार्डांवर, म्हणजे संपर्काच्या पोचपावत्यांवर, बहरीन ‘एमपी४बी’ म्हणून सापडतो. कॉलसाइन मिळालं की हवेत शिरायचा हक्क मिळतो. जागा मात्र मिळत नाही. हे समजायला जरा वेळ लागतो. चौदा मेगाहर्ट्झचा बॅन्ड, ज्याला हॅम मंडळी वीस मीटर म्हणतात, तो १४.००० पासून १४.३५० पर्यंत. एकूण साडेतीनशे किलोहर्ट्झ. जगभरच्या लाखो हौशी लोकांनी मिळून वापरायची ही जागा. त्यातली एकही फ्रिक्वेन्सी कुणाच्या नावावर नाही. तुम्ही चाळीस वर्षं रोज संध्याकाळी एकाच आकड्यावर बसत असाल, तरी एक्केचाळिसाव्या वर्षी तिथे दुसरा कुणी बसलेला दिसला तर नम्रपणे सरकायचं.

वाटणी आहे, नाही असं नाही. तळाला मोर्सवाले, मध्ये डिजिटलवाले, १४.१०० वर बीकन, त्याच्यावर बोलणारे. पण ही वाटणी बहुतेक देशांत कायद्याने नाही, तर आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाच्या, म्हणजे आयएआरयूच्या, बॅन्ड प्लॅनने झालेली. प्लॅन म्हणजे सल्ला. शिवाय रेडिओच्या हिशेबात जगाचे तीन प्रदेश पाडले आहेत. बहरीन पहिल्या प्रदेशात, भारत तिसऱ्यात. आणि आखातापलीकडचा इराणसुद्धा तिसऱ्यात! म्हणजे दोन प्रदेशांची सीमा आमच्या समोरच्या पाण्यातून जाते. काका कधी कधी खिडकीतून समुद्राकडे बोट दाखवून म्हणतात, “तिकडे सगळं आपल्याकडचं चालतं.” इंजिनियर म्हणतो, “काका, लाटांना माहीत आहे का ते?” रेडिओच्या लहरींना माहीत नसतं, हे काकांनाही माहीत असतं. पण सांगलीचा माणूस सीमा सहजासहजी सोडत नाही.

या वाटणीत खरी खळबळ उडाली ती २०१७ च्या उन्हाळ्यात. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके या दोघा हॅमनी एफटी-८ नावाचा एक नवा मोड काढला. नावातली एफ आणि टी ही त्यांच्याच आडनावांची अक्षरं. यातले टेलर प्रिन्स्टनचे खगोलशास्त्रज्ञ. जोडपल्सारचा शोध लावल्याबद्दल १९९३ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल त्यांना रसेल हल्स यांच्याबरोबर मिळालेलं. हजारो प्रकाशवर्षांवरून येणारी टिकटिक गोंगाटातून वेगळी काढण्यात आयुष्य घातलेल्या माणसाने तीच नजर शॉर्टवेव्हकडे वळवली, तर काय होणार?

झालं असं, की कानाला काहीच ऐकू येत नसताना संभाषण होऊ लागलं. एफटी-८ मध्ये सगळं जग घड्याळाला बांधलेलं. पंधरा सेकंदांचा एक फेरा. त्यात साडेबारा सेकंदांहून जरासा जास्त वेळ आठ सुरांत संदेश पाठवायचा, उरलेल्या वेळात संगणक उलगडा करतो, पुढच्या पंधरा सेकंदांत समोरचा बोलतो. एका स्टेशनला जागा लागते पन्नास हर्ट्झ. एक माणूस माइकवर बोलतो तेव्हा अडीच हजार हर्ट्झच्या आसपास जागा अडवतो. म्हणजे काकांच्या एका मित्राने ‘बाकी काय म्हणता?’ विचारायला जेवढी जागा घ्यावी, तेवढ्यात एफटी-८ चे पन्नास जण शेजारी शेजारी नांदतात. आणि आवाज किती बारीक चालतो? गोंगाटाच्या सुमारे सव्वाशेव्या भागाएवढा असला तरी यंत्र वाचतं.

इंजिनियरचा लॅपटॉप मी जवळून पाहिला आहे. पडद्याच्या वरच्या भागात निळा धबधबा खाली सरकत असतो, त्यात पिवळट उभ्या रेघा. प्रत्येक रेघ म्हणजे कुठला तरी माणूस. खाली डावीकडे दर पंधरा सेकंदांनी ओळींचा ढीग पडतो : सायबेरिया, इटली, जपान, पुन्हा इटली. इंजिनियर एका ओळीवर दोनदा टिचकी मारतो. रेडिओचा सुईकाटा उठतो, खोलीतला दिवा किंचित मंदावतो. पहिला संदेश : तुझं कॉलसाइन, माझं कॉलसाइन, माझा चौकोन. मग आकडा : तू मला उणे बारा डेसिबलवर ऐकू येतोस. मग उत्तर : पोचलं, तू मला उणे आठ. मग ‘आरआर७३’. मग ‘७३’. झालं. दीड मिनिटात माणूस भेटला आणि गेला. ७३ म्हणजे सस्नेह नमस्कार, हा तारखात्याच्या काळापासूनचा संकेत. आणि ‘आरआर७३’ची गंमत अशी की तो नकाशावरचा खराखुरा चौकोनही आहे, पण तो येतो थेट आर्क्टिक महासागरात, ८३ अक्षांशाच्या वर. तिथून कुणी हाक मारण्याची शक्यता जवळपास नाही, म्हणून निरोपाला तो वापरला तरी घोटाळा होत नाही.

चौकोनांचं प्रकरण काकांना मुळातच मान्य नाही. पृथ्वीचे दोन अंश रुंद आणि एक अंश उंच असे तुकडे पाडून प्रत्येकाला दोन अक्षरं आणि दोन आकडे दिले आहेत. हूरा एलएल५६ मध्ये येतं. पुणं एमके६८, मुंबई एमके६९. आणि सांगली? एमके७६. कोल्हापूर? तेही एमके७६! ज्या दिवशी हे उघड झालं त्या दिवशी चहाला उकळी यायच्या आधी खोलीला आली. “जो मोड सांगली आणि कोल्हापूर एकच धरतो,” काका म्हणाले, “त्याच्यावर विश्वास काय ठेवायचा?” इंजिनियरने शांतपणे सांगितलं की मिरजही त्यातच आहे. त्याने परिस्थिती सुधारली नाही.

काकांचा आक्षेप मात्र चौकोनापुरता नाही. त्यांनी मोर्स शिकला तो परवान्यासाठी, आणि मग त्याच्या प्रेमात पडले. त्यांचं म्हणणं असं : मोर्समध्ये समोरच्याचा हात ओळखू येतो. एक जण ‘डा’ जरा लांबवतो, एक जण अक्षरामागे अक्षर रेटतो, म्हाताऱ्याचा हात कापतो तेही कळतं. “आणि तुझ्या या यंत्रात काय कळतं? उणे बारा! अरे, माणूस माणसाला भेटला की आधी विचारतो, गाव कुठलं? कुणाचा तू? पाऊस झाला का? तू विचारतोस, किती डेसिबल?”

यावर इंजिनियरचं उत्तर त्याच्या पिढीला शोभेल असं मोजकं आहे. तो खिडकी उघडतो. खाली एक्झिबिशन रोड. पाट्यांचे एलईडी, शेकड्यांनी एसी, लिफ्टच्या मोटारी, घराघरांतले चार्जर. यातला प्रत्येक जण थोडा थोडा रेडिओ गोंगाट हवेत सोडतो. काकांचा रिसीव्हर लावला की सूं असा जो आवाज येतो, ते आकाश नसतं, ते हूरा असतं. “काका, या गोंगाटाखाली तुमचा मोर्स बुडालाय. माझा तेवढा वर डोकं काढतो. शेत, बंगला, साठ फुटी टॉवर असता तर मीही मोर्स केला असता. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचा मोड हाच.”

हा मुद्दा मला पटतो, आणि काकांनाही पटतो असा मला संशय आहे. कारण अशा वेळी ते विषय बदलतात. ते स्पर्धांकडे वळतात.

रेडिओच्या स्पर्धा, म्हणजे कॉन्टेस्ट, ही बाहेरच्याला न कळणारी गोष्ट आहे. शनिवार-रविवारी ठरलेल्या तासांत जास्तीत जास्त स्टेशनांशी, जास्तीत जास्त देशांशी संपर्क करायचा. बक्षीस म्हणून कागद मिळतो. जगाच्या सोयीने वेळ ठरते, ती ग्रीनिचच्या घड्याळाने. बऱ्याच मोठ्या स्पर्धा शनिवारच्या शून्य वाजता सुरू होतात. ते आमच्या घड्याळात पहाटेचे तीन. त्या संपतात सोमवारी पहाटे तीनला. आणि बहरीनची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार! म्हणजे सगळं युरोप रविवारी पायजम्यात बसून गुण गोळा करत असतं, तेव्हा आमचा इंजिनियर लोखंडी बूट घालून साइटवर निघालेला असतो. शुक्रवारी तो मोकळा, तेव्हा बॅन्ड रिकामा. हे दुःख त्याने मला इतक्या वेळा सांगितलंय की जागतिक सुट्टीचा एखादा करार व्हावा असं मलाही वाटू लागलंय.

शुक्रवार संपून स्पर्धा सुरू झाली की मात्र कुठलाच कप्पा कुणाचा राहत नाही. मोर्सची स्पर्धा असेल तर मोर्सवाले आपली हद्द ओलांडून वर चढतात. आरटीटीवायची असेल, म्हणजे जुन्या टेलिप्रिंटरच्या भाषेतली, तर ते एरवी एफटी-८ जिथे बसतं त्या १४.०७४ च्या आजूबाजूला पसरत जातात. एफटी-८ वाले ओरडतात, आमच्या जागेत आले. आरटीटीवायवाले म्हणतात, तुमची जागा कसली? आम्ही वर्षातून थोडे दिवस येतो, तुम्ही तिथे चोवीस तास, बारा महिने ठाण मांडून बसलाय. आणि त्याच्याही आधी तिथे दुसरेच होते म्हणे. १९९८ मध्ये इंग्लंडच्या पीटर मार्टिनेझने पीएसके-३१ आणला, तेव्हा १४.०७० च्या आसपास त्या लोकांची वर्दळ होती. ते टंकलेखन करत खरोखर गप्पा मारायचे. एफटी-८ आलं आणि ती गल्ली ओस पडत गेली. त्यांनी कुणाकडे दाद मागायची?

स्पर्धेत काकांचंही नुकसान होतं. पहाटे साडेचार-पाचला, म्हणजे आपल्याकडचे सात-साडेसात, चाळीस मीटरच्या बॅन्डवर देशी मंडळींच्या गप्पांचे नेट चालतात. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या अँटेनावर बसलेलं माकड, कुणाकडे किती पाऊस. काका ते कान लावून ऐकतात. हूरात बसून गावाकडच्या पावसाची बातमी त्यांना सुनेच्या फोनआधी कळते. स्पर्धेच्या पहाटे ते नेट चारी बाजूंच्या ‘सीक्यू कॉन्टेस्ट’च्या हाकांखाली गाडलं जातं. “आमच्या गुडघ्याला गुण नाहीत ना,” काका म्हणतात.

डिजिटलवाल्यांनी स्पर्धाही स्वतःची काढली. पंधरा सेकंद फार होतात म्हणून २०१९ मध्ये एफटी-४ आलं : साडेसात सेकंदांचा फेरा, आवाज थोडा मोठा लागतो, पण वेग दुप्पट. खास कॉन्टेस्टसाठीच घडवलेलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर वर्ल्ड वाइड डिजी ही फक्त एफटी-४ आणि एफटी-८ ची स्पर्धा सुरू झाली. तिचे गुण अंतरावर. एका संपर्काला एक गुण, आणि दर तीन हजार किलोमीटरला आणखी एक. ऑकलंड मिळालं तर आम्हाला पाच गुण. मुंबई इथून चोवीसशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एकच. पुणं, सांगली, कोल्हापूर, सगळी एकेका गुणाची. इंजिनियरला गावाकडचा एखादा व्हीयू बोलावत असतो आणि तो न्यूझीलंडच्या मागे असतो. “घरच्यांना एकच गुण,” काका पुटपुटतात, “हे तरी नियम करणाऱ्याला बरोबर कळलंय.”

पण वादात प्रत्येक वेळी काकाच जिंकतात असं नाही. स्पर्धेतल्या मोर्सची एक गोष्ट इंजिनियरने बरोबर पकडली आहे. सिग्नल कसा येतोय ते सांगायला मोर्समध्ये तीन आकडे असतात, आणि ५९९ म्हणजे ठणठणीत. स्पर्धेत प्रत्येक जण प्रत्येकाला ५९९ च देतो. समोरच्याचं कॉलसाइन तीनदा विचारून, निम्मं अंदाजाने भरून, वर ५९९! पुढे झोनचा आकडा, तो त्या तीन प्रदेशांहून वेगळा. बहरीनचा २१, भारताचा २२. “काका, तुमचा मोड माणुसकीचा, पण खोटं बोलतो. माझं यंत्र रुक्ष आहे, पण उणे एकोणीस म्हणजे उणे एकोणीसच सांगतं.” यावर काकांनी जे उत्तर दिलं ते मला फार आवडलं. ते म्हणाले, “लग्नात आहेर कितीचा आला ते कुणी मांडवात वाचून दाखवतं का?”

यंत्रमानवाचा प्रश्न आणखी नाजूक. एफटी-८ चा संगणक एकदा सुरू केला की संपर्काची पुढची पायरी स्वतःच चढतो. मग माणसाचं काम उरतं टिचकीचं. ती टिचकीही यंत्राकडे दिली तर? तसे प्रकार होऊ लागले, म्हणून अमेरिकेतल्या एआरआरएल या जुन्या संस्थेने आपल्या डीएक्ससीसी पुरस्कारासाठी स्पष्ट केलं की प्रत्येक संपर्क दोन्हीकडच्या माणसांनी त्या वेळी स्वतः घडवलेला हवा. मूळ सॉफ्टवेअरमध्ये तर एक राखणदारच बसवला आहे : काही मिनिटं माणसाचा हात लागला नाही, तर तो प्रक्षेपण बंद करतो. आमचा इंजिनियर एकदा खाली खुब्ज आणायला गेला आणि परत आला तेव्हा लॉगमध्ये दोन नवे संपर्क होते. राखणदाराची वेळ संपायच्या आत बेकरीवाल्याने रोटी दिली होती. ते संपर्क धरायचे की नाही यावर रात्री चर्चा झाली. काकांचा निकाल असा, की संपर्क खरे आहेत, फक्त ते बेकरीवाल्याच्या नावावर टाकावेत.

ही सगळी भांडणं पन्नास-शंभर हर्ट्झची. आणि मग अधूनमधून असं होतं की धबधब्यावर आडवा पट्टा उमटतो, स्पीकरमधून घरघर येते आणि चिमटीत मावणाऱ्या त्या सगळ्या बारीक रेघा एकदम झाकल्या जातात. क्षितिजापलीकडचं पाहणारं कुणाचं तरी लष्करी रडार. त्याला बॅन्ड प्लॅन ठाऊक नाही, आणि ते कॉलसाइनही देत नाही. मोर्स, आरटीटीवाय, एफटी-८, सगळ्यांवर सारखंच पसरतं. तेवढा वेळ आमच्या खोलीत विलक्षण एकोपा असतो. दोघे मिळून त्या रडारला शिव्या घालतात. एक सांगलीच्या, एक कोल्हापूरच्या. त्यांत फरक मला ऐकू येतो, चौकोन काही म्हणो.

मालकी नसणं हा हॅम लोकांचा मूळचाच वारसा आहे. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने हौशी लोकांना दोनशे मीटर आणि त्याखालच्या लहरींवर ढकललं, कारण त्या काळच्या तज्ज्ञांच्या मते तिथे दूरचं काही होण्यासारखं नव्हतं. टाकाऊ जागा म्हणून दिलेली. नोव्हेंबर १९२३ मध्ये त्याच टाकाऊ जागेतून, शंभरेक मीटरवर, फ्रान्समधला एक हौशी आणि अमेरिकेतला एक हौशी अटलांटिक ओलांडून एकमेकांशी बोलले. लहरी वर आयनोस्फिअरवर आपटून परत येतात हे व्यवहारात दिसलं, आणि टाकाऊ जागेचा भाव वाढला. मग प्रक्षेपण केंद्रं आली, जहाजं आली, सैन्यं आली. हौशी लोकांना मधल्या मधल्या पट्ट्या उरल्या. त्यांतल्या काहींवर तर ते अधिकृतपणे दुय्यम आहेत : मुख्य वापरणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि त्याचा त्रास झाला तर तक्रार करायची नाही. आपल्याकडे याला पोटभाडेकरू म्हणतात. २०२३ च्या अखेरीला दुबईत जागतिक रेडिओ परिषद भरली, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर. तिथे तेवीस सेंटिमीटरच्या पट्टीत हौशी लोकांनी गॅलिलिओसारख्या दिशादर्शक उपग्रहांच्या वाटेत येऊ नये म्हणून काय करावं, हा विषय होता. पट्टी गेली नाही. कसं वागावं याच्या सूचना मिळाल्या. हूरात वर्षाचं भाडेपत्र नवं करणाऱ्याला ही भाषा चांगलीच ओळखीची आहे.

म्हणूनच मला वाटतं, एफटी-८ खरं की मोर्स खरा, हा वाद वरवरचा आहे. खरा प्रश्न एवढाच, की जे कुणाचंच नाही ते सगळ्यांनी वापरायचं कसं? त्याचं एक उत्तर रोज हवेत असतं. १४.१०० वर जगभरची अठरा बीकन स्टेशनं एकाच फ्रिक्वेन्सीवर राहतात. प्रत्येकाला दहा सेकंद. त्या दहा सेकंदांत मोर्समध्ये आपलं नाव सांगायचं, मग एकेक सेकंदाचे चार लांब सूर द्यायचे : पहिला शंभर वॅटचा, दुसरा दहाचा, तिसरा एकचा, चौथा एका वॅटच्या दहाव्या भागाचा. मग गप्प बसायचं. तीन मिनिटांत जगाची फेरी पूर्ण होते आणि पुन्हा पहिल्यापासून. दहा सेकंद कोलंबो, दहा सेकंद केनिया. कुठलं ऐकू येतं यावरून आकाश आज कुठे उघडं आहे ते कळतं. काकांना हे बीकन फार प्रिय. एका संध्याकाळी कोलंबोचा चौथा सूरही ऐकू आला, वॅटच्या दहाव्या भागाचा, तेव्हा त्यांनी मला बोट वर करून गप्प केलं. इंजिनियरने हळूच म्हटलं, “काका, घड्याळाला बांधलेलं, ठरलेल्या सेकंदाला बोलायचं, कुणी कुणाला पाऊस विचारत नाही. हेच तर एफटी-८ आहे.”

काकांनी हेडफोन काढले. पण सांगलीचा माणूस एवढ्यावर हरत नाही. “फरक आहे,” ते म्हणाले. “ही मंडळी गुण मागत नाहीत.”

आता आणखी एक गोष्ट. दूरच्या बेटांवर जाणाऱ्या मोहिमांसाठी २०२४ मध्ये टेलर यांच्याच गटाने सुपरफॉक्स नावाचा प्रकार आणला. बेटावरचं एक स्टेशन एकाच वेळी नऊ जणांना उत्तरं देतं. त्यासाठी ते एकटं दीड हजार हर्ट्झ अडवतं. इंजिनियरने तो पट्टा प्रथम पडद्यावर पाहिला तेव्हा मी चहा गाळत होतो. तो ताडकन उठला. “अहो काका, हे बघा! तीस जणांची जागा एकट्याने खाल्ली! आणि एका फटक्यात नऊ जणांना उत्तर? याला काय संपर्क म्हणायचा? एफटी-८ मध्ये निदान एकेकाला वेगळं भेटायचो आपण. कुठे चाललाय हा छंद?”

काकांनी त्याला खुर्ची दिली. इतक्या आपुलकीने त्यांना कुणाला खुर्ची देताना मी पाहिलं नव्हतं. “बस,” ते म्हणाले. “आता तुझ्याशी बोलायला मजा येईल.” आणि मला दुसऱ्या कपात साखर जास्त टाकायला सांगितली.